तुमची मेढ सापडली

बाबा, तुमची मेढ सापडली. सापडून तशी बरीच वर्षं झाली, पेपरात तिचा फोटोही येऊन गेला, पण तुम्हाला कळवायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, मी टाळलं.

तुम्ही विसरला नसणार तो दिवस. कॉलेजच्या दिवाळीच्या सुट्या होत्या आणि मी अकोल्याची मैत्रीण आपल्या आसेगावला घेऊन आले होते. दिवेलागण झालेली, आपण अंगणात बसलोय. तुम्ही नैऋत्येला बोट दाखवता. "त्या विंचवाच्या शेपटीपाशी थो दुधावानी पट्टा इतका दाट काहून हाय व?" मी ऐटीत सांगते, ती आपली आकाशगंगा, सगळे तारे, आपला सूर्यसुद्धा, तिच्या मध्याभोवती फिरतात. तुम्ही थोडा विचार करता आणि म्हणता, "मंग मधात मेढ असन." मध्यात काही दिसत नाही, असं मी म्हणते. "मेढ दुरून कोनाले दिसते? धूळ दिसते, बैलाच्या पाठी दिसतात. बैलं गोल फिरून राह्यले म्हंजे मधात खांब हायेच. अन् मेढीपाशी आपण म्हातारा बैल बांधतो, त्याले चालनं कमी पडते. तिथला तारा बी हळूच चालत असन, नाही?" जन्मभर दुसऱ्यांच्या खळ्यांवर, मळणीच्या खांबाभोवती बैलांची पात हाकलेला माणूस आणखी कशावरून बोलणार! पण मैत्रीण गालात हसली, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शहरी मराठीत, तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबा, आकाश म्हणजे कुणाचं खळं नाही. समजत नाही त्यात कशाला बोलता?" तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. "बरं," म्हणालात, "तू शिकून राह्यली, तुले जास्त समजते." आणि तिच्यासाठी माठातलं पाणी आणायला उठलात. तिने पाणी मागितलंही नव्हतं. त्यानंतर तुम्ही मला आकाशातलं काही विचारलं नाही, आणि मीही कधी माफी मागितली नाही.

आता ऐका. मध्यात कृष्णविवर आहे, चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचं. त्यातून उजेडही बाहेर पडत नाही, म्हणून ते दिसत नाही. ते कळलं कशावरून, तर भोवती फिरणाऱ्या ताऱ्यांवरून. फोटोतही भोवतालचं तेजाचं कडंच दिसतं, मध्ये अंधार. तुमचं एकच चुकलं. तिथला तारा म्हातारा बैल नाही, चांगला उधळलेला खोंड आहे. एक तारा तर सोळा वर्षांत फेरी पुरी करतो, आपल्या सूर्याला वीस-बावीस कोटी वर्षं लागतात. एवढी चूक मी तेव्हा हसतखेळत सांगू शकले असते. खरं म्हणजे तेव्हा ती मलाही ठाऊक नव्हती.

पण हे लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. मी कारंज्याला शाळेत विज्ञान शिकवते. कृष्णविवर शिकवताना फळ्यावर खळं काढते, मधे मेढ, मेढीपाशी म्हातारा बैल, भोवती बाकीचे, आकाशात मात्र मेढीजवळचाच जोरात पळतो म्हणून सांगते, आणि मुलांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. गेल्या वर्षी शिक्षकांच्या प्रशिक्षणात हाच पाठ घेतला. एका साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, हे उदाहरण सुचलं कुठून?" मी म्हणाले, "असंच, शिकवता शिकवता." टाळ्या पडल्या. माझे वडील मजुरीने पात हाकायचे, एवढं एक वाक्य त्या भरल्या सभागृहात माझ्या तोंडून फुटलं नाही. प्रमाणपत्र बैठकीत लावलंय, तुमच्या फोटोच्या समोरच्या भिंतीवर. हारासाठी तुमच्यापुढे गेले की ते तुमच्या काचेत दिसतं. दोन्हींपैकी एक हलवायला हवं, असं रोज म्हणते.

आज नववीच्या वर्गात पुन्हा तोच पाठ होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, तुमच्या घरी खळं होतं काय?" मी म्हणाले, "नाही गं. पुस्तकात वाचलं होतं." ती बसली नाही. "पुस्तकात नसन मॅडम. मेढीपाशी म्हातारा बैल बांधतात, हे ज्यानं पात हाकली त्यालेच माहीत राह्यते. माह्या आज्यानं मले सांगतलं." वर्ग हसला, तिच्यावर. बाबा, मी त्यांना गप्प केलं नाही. ती मान खाली घालून बसली, आणि मला तुमची माठाकडे जाणारी पाठ दिसली.

हे पत्र कुठे टाकायचं? वहीतच राहील. घरी येताना ठरवलं होतं की उद्या वर्गात त्या मुलीला उभं करायचं आणि सगळ्यांदेखत सांगायचं, तुझं बरोबर आहे, हे मला माझ्या बाबांनी सांगितलं, ते दुसऱ्यांच्या खळ्यावर मजुरीला जायचे. अगदी नक्की सांगायचं, उद्याच. पण तुमच्याशी तरी खरं बोलते. उद्या रविवार आहे, हे ठरवतानाही मला माहीत होतं.