बोक्याची बोट आणि माझा इंडेक्स

३ नोव्हेंबर, सकाळी ७
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात.
मच्छीमार सोसायटीतली ऑपरेटरची जागा माझी झाल्यात जमा. थळच्या चारशे बारा बोटींचे कागद डेटाबेसमध्ये टाकले. एका बोटीचं एक डॉक्युमेंट, त्यात नाव, मालक, खलाशी, इंजिन, जाळी, सगळं. चेअरमन येसाजीमामा म्हणाले, शनिवारी केसरकाकूच्या आधी बोट शोधून दाखव, जागा तुझी. काकू कपाटातून फायली काढते. बिचारी!

४ नोव्हेंबर
एक बोट शोधायला अकरा सेकंद. लॅपटॉप पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी डॉक्युमेंटं चाळत बसतो. चूक लॅपटॉपची.

५ नोव्हेंबर
सापडलं! इंडेक्स! पुस्तकामागे सूची असते ना, तस्संच. बोटीच्या नावावर लावला. 'एकवीरा' शोधलं. एकशे शहाण्णव बोटी आल्या. गावाच्या भक्तीबद्दल मला काही म्हणायचं नाही.

६ नोव्हेंबर
मग सगळ्याच फील्डवर इंडेक्स लावले. रंगावरसुद्धा. सोसायटीत नोंदी टाकणारी ऋतिकाताई म्हणाली, नवीन नोंद सेव्ह होईस्तोवर चहा होतो. म्हटलं, मग पी की. म्हणाली, लोक खिडकीशी येऊन काय विचारतात, ते काकूला विचार एकदा. हसलो. इंजिनिअरने फायलीवालीला विचारायचं?

७ नोव्हेंबर
तीन मिलीसेकंद!!! अंगणात नाचलो. पाय सुकत घातलेल्या बोंबलांवर पडला. आई काय बोलली ते इथे लिहीत नाही.
ऑनलाइन नेमप्लेट मागवली: 'विनेश, डेटाबेस एक्स्पर्ट'. सोनेरी.

८ नोव्हेंबर, शनिवार
काळूरामतात्या खिडकीशी आले. म्हणाले, बोक्याच्या बोटीचं लायसन काढ रं.
'बोक्या' टाइप केलं. शून्य. पण तीन मिलीसेकंदात! एवढं झटपट शून्य अख्ख्या जिल्ह्यात कुणी काढलं नसेल.
काकूने बसल्या जागेवरून हात लांब करून फाईल काढली. बोक्या म्हणजे आपला सदू. त्याच्या बोटीचं नावही एकवीराच. मलाही ठाऊक होतं, पण टोपणनावाचं फील्ड ठेवा असं मला कुणी लेखी दिलं होतं का?
सगळे हसले. मामा सगळ्यात जास्त.

१० नोव्हेंबर
जागा मिळाली! केसरकाकूच्या हाताखाली. सध्या बिनपगारी. ती टोपणनावं सांगते, मी टाइप करतो. काकूने माझी फाईल उघडली. नाव काय, विचारलंच नाही. वर लिहिलं, 'इंडेक्स'. शनिवारपासून सगळा गाव तेच म्हणतो. कीर्ती म्हणतात ती हीच.

१२ नोव्हेंबर
कुरियरवाला गावभर विचारत फिरला, विनेश कोण? सगळे म्हणाले, असा कोन न्हाय हितं.
नेमप्लेट परत गेली.