स्वयंपाकघरातलं इंजिन

मास्तर, तुम्हाला मराठी येत नव्हतं, तरी मराठीतच लिहितोय. डच बोलता येतं, पण लिहायला बसलो की बाईंचा लाल पेन आठवतो, आणि शाळा तर मी अर्ध्यातच सोडली. सध्या हॉलंडच्या उत्तरेला, ड्रेंटमध्ये, एका शेताच्या कडेला व्हॅन लावून राहतोय. उद्या इथे गवतावरची मोटरसायकल शर्यत आहे. समोर गवत कापतायत, त्या वासानं तुमचा आवाज कानात सुरू झाला.

तुमच्या घरात करंडक इतके की एकात तुम्ही कांदे ठेवायचात. पहिल्या दिवशी मला गाडीचा ब्रेक शोधू दिलात, बराच वेळ, मग म्हणालात, "नसतोच. म्हणून वळणावर अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नाही. मागच्याला थांबता येत नाही." डाव्या बुटाचा पोलादी तळ गवतात घासत, गाडी तिरकी धरून, तुम्ही सगळी कारकीर्द याच एका नियमावर काढलीत. आईनं दिलेल्या थालीपिठांवर तुम्ही चॉकलेटचा चुरा घालायचात, ते बघून आई दोन दिवस माझ्याशी... असो, भरकटलो.

त्या शनिवारी बाबा पहिल्यांदाच मला बघायला आले होते, आर्नहेमहून, ऑफिसचंच जाकीट घालून. सरावाच्या फेऱ्या चालल्यात. मी पुढे, तुम्ही अगदी मागे. वळणावर मी बघतो, बाबा बघतायत का. ते कुंपणाला पाठ लावून फोनवर बोलतायत. अ‍ॅक्सिलरेटरवरचा माझा हात सैल पडतो. एवढंच. मग मागून दणका, आणि तुम्ही माझ्या डोक्यावरून पलीकडे.

हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर तुम्ही विचारलंत, "सोडलास?"

"नाही," मी म्हणालो. "इंजिन बंद पडलं."

तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. कमरेखालचं सगळं गेलं होतं. घरी आल्यावर व्हीलचेअर टेबलाला लावून तुम्ही ते इंजिन स्वयंपाकघरातच उघडलंत, कारण वर्कशॉपला पायऱ्या होत्या. तुम्हीच जुळवलेलं इंजिन. पिस्टन, व्हॉल्व्ह, कार्बोरेटर, सगळं वर्तमानपत्रावर मांडून एकेक भाग खिडकीच्या उजेडात धरायचात. मी दर गुरुवारी येऊन पाने हातात द्यायचो, चहा करायचो. पूर्ण हिवाळा गेला. एकदा भिंग खाली ठेवून म्हणालात, "म्हातारा झालोय मी. काहीतरी चुकीचं बसवलं असणार. तुझा जीव गेला असता, पोरा. माफ कर." मी चहात साखर ढवळत राहिलो. तुम्ही साखर घेत नव्हतात.

दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. त्याआधी इंजिन परत जुळवून, पुसून, मला दिलंत. आठवण म्हणून ठेव, म्हणालात, पण चालवू नकोस, दोष अजून सापडलेला नाही.

तुमची मुलगी अजून त्याच घरात राहते. पत्ता मला पाठ आहे. पण तिला मराठी कोण वाचून दाखवणार? तिला वाचता येऊ नये, ही सोय करूनच लिहायला बसलो होतो.

सहा हंगाम झाले, मास्तर. तेच इंजिन चालवतोय. एकदाही बंद पडलेलं नाही.