चंपतरावशेठचा माणूस

॥ श्री ॥

काटोल, ६ जानेवारी १९७४

ती. ताईस,

कवडूचा सा. न. वि. वि. तब्येत बरी आहे, पाय तेवढे दुखून राहिले. हे पत्र एसटी स्टँडावर बसून लिहितो. बाजूला एक माणूस कोंबडीले केळं खाऊ घालून राहिला अन् ती खातेही. असो.

ताई, रागावू नको वं. मी चंपतरावशेठची नोकरी सोडली. एक तारखेपासून भैयाजींकडे लागलो. दोघंही संत्र्याचे व्यापारी, एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, ते मले माहीत आहे. काम तेच. बगीच्यात जायचं, झाडाखालून फिरायचं, अन् किती हजार फळं उतरतील ते सांगायचं. त्या अंदाजावर व्यापारी झाडावरचाच बहार विकत घेतो. सात वर्षं शेठसाठी पायी फिरलो. मागं अंगात ताप घेऊन नरखेड केलं, तर शेठ म्हणाले, ताप तुले आहे, झाडाले नाही. तेव्हाच मन उठलं. भैयाजींनी सायकल दिली आहे.

भीती एकच. दोन वर्षांमागं शेठनं स्टॅम्पकागदावर माझी सही घेतली, अन् जामीन म्हणून भाऊजींची. मी वाचलं नाही. खिडकीबाहेरून सर्कशीचा हत्ती चालला होता, तो पाहून राहिलो. भाऊजी शेठच्याच गादीवर मुनीम. त्यांच्यावर तर काही येणार नाही ना? विचारून कळव.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
कवडू

॥ श्री ॥

महाल, नागपूर, ११ जानेवारी १९७४

चि. कवडूस,

अ. उ. आ. हत्ती पाहिलास, कागद नाही पाहिला. शाबास गा!

यांनी कागद वाचून दाखवला. शेठची नोकरी सोडल्यावर दोन वर्षं विदर्भात दुसऱ्या कोणासाठी बगीचा पाहायचा नाही, असं आहे. परवा शेठनी यांना बोलावलं. ओरडले नाहीत, चहा पाजला. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. म्हणाले, महादेवराव, महिनाअखेरपर्यंत मेहुण्याला परत आणा, नाहीतर कागदाप्रमाणे दोन वर्षं घरी बसवा. दोन्ही होत नसेल तर मी दुसरा मुनीम पाहतो.

हे एका वकिलांना भेटून आले. ते म्हणाले, नोकरी सुटल्यावरची अशी अट कोर्टात टिकत नाही, निवांत राहा. यांनी धीर करून शेठना तसं सांगितलं, तर शेठ हसले. म्हणाले, मी कुठं कोर्टात चाललो? गादी माझी, मुनीम माझा.

यांना पन्नाशीला दोन वर्षं उरली. चष्म्याचा नंबर वाढला आहे. आता नवीन जागी कोण ठेवणार? काल आमटीत मीठ पडलं नव्हतं, तरी मुकाट्यानं जेवले. तुला परत ये म्हणायला माझी जीभ रेटत नाही, दिवाळीत तुझ्या टाचा पाहिल्या आहेत मी. काय करायचं ते तूच ठरव, पण लवकर. अन् टाचांना कोकमाचं तेल लावत जा.

तुझी वाट पाहणारी,
इंदुताई

॥ श्री ॥

नरखेड, १९ जानेवारी १९७४

ती. ताईस,

सा. न. वि. वि. खरं सांगतो, तुझं पत्र वाचून मी वकिलाचंच वाक्य धरून बसलो होतो. कोर्टात टिकत नाही ना, मग झालं, असं. भाऊजींचं उद्या पाहू म्हणत चार दिवस काढले.

परवा रुपरावांच्या बगीच्यात गेलो. त्यांनी भाकर खाऊ घातली. मी झाडं पाहिली, नव्वद हजार सांगितले, भाव सांगितला. त्यांनी लगेच झाडाखाली नारळ फोडला. इकडे नारळ फुटला की सौदा पक्का, कागद लागत नाही. मी खोबरं तोंडात टाकलं अन् ते म्हणाले, शेठले सांग गा, औंदा गाड्या लवकर धाडा म्हणा.

मी नुसती मान हलवली. सात वर्षं मीच जातो, त्यांनी कोणासाठी आलास म्हणून विचारलंच नाही. अन् मी तरी काहून बोललो नाही? झाडाखाली गेलो की मले दुसरं सुचतच नाही, वं ताई.

भैयाजींले सांगितलं तर ते खूश. म्हणाले, चूप राहा, गाड्या माझ्या जातील. असे दहा बगीचे आण, त्यासाठीच तुले ठेवलं. मले वाटलं होतं त्यांनी फळं मोजणारी माझी नजर घेतली. त्यांनी तर माझ्या तोंडावर चिकटलेलं शेठचं नाव घेतलं होतं.

काल पुन्हा रुपरावांकडे गेलो अन् खरं सांगितलं. ते म्हणाले, नारळ मी शेठच्या नावानं फोडला, बहार त्यांचाच. सायकल भैयाजींच्या दारात लावून आलो. पण शेठकडे मी येत नाही. आता कोणाच्याच बगीच्यात जात नाही, पुरे दोन वर्षं. भाऊजींनी तसं शेठले सांगावं. मी थकलो आहो, एवढंच.

भाऊजींले माझा नमस्कार सांगशील, ते घेत असतील तर.

कवडू

॥ श्री ॥

महाल, नागपूर, २७ जानेवारी १९७४

चि. कवडूस,

अ. उ. आ. यांची नोकरी राहिली. आधी ते वाच, मग बाकीचं.

आज सकाळी रुपराव स्वतः गादीवर आले अन् सगळ्यांसमोर सांगून गेले, की तुमच्या माणसानं आपल्या पोटावर पाय देऊन तुमचा बहार तुम्हाला दिला. शेठ थोडा वेळ पानाच्या डब्याशी खेळत बसले. मग यांना म्हणाले, पोराला बोलवा, सायकल मी देतो, पगारही वाढवतो, कागद गेला खड्ड्यात.

बावीस वर्षांत यांनी शेठना उलट उत्तर दिलं नाही, तुला माहीत आहे. आज हे म्हणाले, शेठ, त्यानं कागद पाळला. आता दोन वर्षं तुम्हीही पाळा, त्याला बोलावू नका.

शेठ डबा मिटून म्हणाले, उद्या वेळेवर या. हे टोपी घालून घरी आले, पाणी प्यायले अन् भर दुपारी झोपले. अजून झोपलेच आहेत. उठले की पहिलं विचारतील, कवडू घरी कधी येतो म्हणून. काय सांगू?

इंदुताईचे आशीर्वाद तुझ्यामागे आहेतच, तू पुढे हो.