त्रेचाळीस दगड, लख्ख

३ जानेवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या भूगर्भशास्त्र विभागाने नव्या यंत्रासाठी दगडांची खोली रिकामी केली, म्हणून तू घरी पाठवलेली तीन खोकी पोचली. हमालाने विचारलं, आत काय आहे. दगड, म्हटलं. त्याने हमाली वाढवून मागितली.

तुझी आई म्हणते, पोरीला शिकायला पाठवलं आणि तिने घरी धोंडे पाठवले. मी मात्र कौतुकाने सगळे त्रेचाळीस बाहेर काढले. प्रत्येकावर पांढरे बाण आणि आकडे. काम झाल्यावर खुणा तशाच ठेवणं आम्हा शिंप्यांत गबाळेपणाचं लक्षण. खडू लागलेला कोट मी कधी गिऱ्हाइकाच्या हाती दिला नाही. दोन दिवस घासून सगळे लख्ख केले. तुझा खडू भलताच चिवट, टर्पेंटाइन लागलं. तुझ्या मार्गदर्शक बाई खूश होतील.

लोभ आहेच, वेगळा काय कळवायचा.

बाबा

९ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

दगड लख्ख झाल्याचं समजलं. आभारी आहे.

काम अजून व्हायचं होतं. दगड डोंगरात कसा बसला होता, त्याची उत्तर बाजू कुठली, हे त्या बाणांवरून कळतं. बाण नसला की तो नुसता दगड. मार्गदर्शक बाईंना सांगितलं. त्यांनी आधी चहा मागवला. प्रबंधाची मुदत मेअखेर संपते. त्याआधी सगळे दगड डोंगरातून पुन्हा आणले नाहीत, तर चार वर्षं पाण्यात.

विभागाचं होकायंत्र आणि हातोडा मिळेल. पण डोंगरावर एकट्याला सोडत नाहीत, सोबत मदतनीस लागतो, आणि इथे सगळे परीक्षेत बुडालेत. बघते काहीतरी. आईला सांगू नका.

तब्येतीला जपा, आणि माझ्यावर आहे तशीच माया ठेवा.

ठकू

१४ जानेवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही उलटी लावली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. पोटच्या पोरीच्या कामाची मी माती केली, याचं फार वाईट वाटतं. तू एका शब्दानेही टाकून बोलली नाहीस, ते त्याहून जास्त लागलं.

दुकान पंधरा दिवस बंद ठेवतोय, सोमवारी पोचतो. गुडघे नेतील तिथवर चढेन, पुढे बसून आकडे घालीन. आईला मी सांगितलं नाही. तिने पत्र शोधून वाचलं आणि माझे जाड मोजे पिशवीत भरले.

विभागाला नुसतं कळव, मदतनीस येतोय. वडील आहेत म्हणून सांगू नकोस. वडिलांना ओरडायची तुला सवय नाही, आणि मदतनीस चुकला तर ओरडायलाच हवं.

लोभ असावा, फक्त कामाच्या वेळात नको.

बाबा