कोपऱ्याची बरणी

सोमवार, ३
समाजकार्याच्या प्रशिक्षणात आज बाईंनी फळ्यावर एकच ओळ लिहिली — वस्तीला काय हवं ते वस्तीलाच ठरवू द्या. सोपं वाटलं! सरावाला मला आमचीच पेठ मिळाली. भाजीवाल्यांसाठी शेड कुठे बांधायची, हे लोकांकडून काढून घ्यायचं.

बुधवार, ५
नकाशा झाला. तीन जागा दाखवल्या — नाल्याजवळ, शाळेमागे, टाकीखाली.
चौथी दाखवली नाही. चौकातला कोपरा. गिऱ्हाइकाची खरी वाट तीच, पण तिथे बाबांची सायकल दुरुस्तीची टपरी आहे. जागा पालिकेची. कोपरा निवडला तर टपरी उठणार.

शुक्रवार, ७
सभा फसली. बायका हूं की चूं करेनात. शेवटी भाजीवाली मावशी म्हणाली, "तू म्हणशील तिथं बसू गं आम्ही, मॅडम!" सगळ्या हसल्या. मीही.
परतताना बाई म्हणाल्या, "तुझ्याकडे बघून गप्प बसल्या त्या. कोपरा का नाही नकाशावर?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवार, ८
बाबांना सांगितलं, कोपरा दाखवावा लागेल. ते पंक्चर शोधत होते. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत राहिले. "बरं," एवढंच. आई मात्र भडकली — "शिकलीस ती आमच्याच मुळावर उठायला?"
खूप रडले. याच टपरीवर माझं शिक्षण झालं. खरं सांगायचं तर कोपऱ्याला कुणीच मत देऊ नये, असं मला वाटतंय. बाईंना सांगणार नाही. इथे लिहिते.

सोमवार, १०
चौकात टेबलावर चार बरण्या, शेजारी पाटीभर खडे. माणशी एक खडा, हव्या त्या जागेच्या बरणीत. बाईंची ताकीद — "तू तिथे फिरकायचंसुद्धा नाहीस."
संध्याकाळी गेले तर कोपऱ्याची बरणी गळ्यापर्यंत भरलेली! बाकीच्यांचा तळही झाकला नव्हता. मावशी नजर चुकवून निघून गेली. राग आला — परवापर्यंत तोंड उघडत नव्हत्या, आज एवढा धीर दिला कुणी यांना?
बाबा नेहमीसारखे जेवले. मला मान वर करवेना.

मंगळवार, ११
मोजायला बरणी बाईंच्या टेबलावर ओतली. खडेच खडे. सगळ्यात शेवटी, तळातून — म्हणजे सगळ्यांच्या आधी टाकलेला — एक नट टण्णकन पडला. सायकलचा. हाताला तेल लागलं.