डाव्या हातातल्या बांगड्या

वर्सोवा,
६ मार्च १९८४

ती. प्रेमामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

लोणचं पोचलं. बी.ए. झाल्याचे पेढे मात्र तू येशील तेव्हाच, पोस्टाने नाहीत.

आईचं लक्षण मला ठीक दिसत नाही. दर रविवारी ती होडीने मढला जाते, फिलूकडे. फिलू म्हणजे तिथली ख्रिश्चन कोळीण. तिचा नवरा आंतोन बाबांच्याच बोटीवर होता आणि बाबांसारखाच परत आला नाही. दीड वर्ष झालं. दर्भाचा पुतळा करून बाबांचं क्रियाकर्म उरकू या, असं तुळशीदासकाका सांगून थकले. आई ऐकत नाही. रोज बाबांचं ताट वाढते आणि मग ते कुत्र्यापुढे ठेवते.

त्यात ही फिलू तिला आशा धरायला शिकवते म्हणे. काल ओट्यावरचा बाबांचा बोटीचा जुना नांगर दिसेना. विचारलं तर म्हणाली, फिलूकडे दिला. आधी आशा, मग नांगर, मग धर्म, अशीच ही वाट दिसते. येत्या रविवारी मी तिच्या मागच्या होडीने जाणार आहे. तिला कळवू नकोस.

तुझी,
जया

मुलुंड,
८ मार्च १९८४

चि. जयास,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशय मला शंभर टक्के पटला. फुकटची माया कोण करतं गं? तू ग्रॅज्युएट बाई, त्या फिलूला चार प्रश्न विचारून गप्प कर ना!

आणि आशाच हवी तर आपल्यात काय कमी आहे? आमच्या इथल्या भगताने परवा पुन्हा कौल लावला. हरेश्वर जिवंत आहे, परमुलखात अडकलाय, ताट बंद करू नका, म्हणाला. गेल्या वर्षी हेच सांगितलं तेव्हा ताईचा चेहरा कसा उजळला होता! तिला हे नक्की सांग.

जपून जा. तिच्या घरचा चहासुद्धा घेऊ नकोस.

तुझी मावशी,
प्रेमा

वर्सोवा,
२ एप्रिल १९८४

ती. प्रेमामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

चहा घेतला. रागावू नकोस.

नांगर फिलूच्या अंगणात, क्रूसाच्या पायाशी ठेवलेला होता. मी सरळच विचारलं, बाबा येतील असं आईला सांगतेस का. ती माझ्यावरच खेकसली. आंतोन गेला, तुझा बापूसही गेला, हे मी पहिल्या दिवशीच तिला सांगितलं, म्हणाली. मग आशा कसली, असं मी विचारलं. तर म्हणे, बोट परत येईल ही आमची आशा नव्हे. गेलेल्यांना देवाने धरून ठेवलंय आणि शेवटी तो त्यांना उठवील, ही आशा. नांगर टाकल्यावर तळ दिसत नाही, पण दोर ताणला की खाली धरलंय हे कळतं. कुणी पाहिलंय का, म्हणून मी बराच वाद घातला. मला अजूनही पटलेलं नाही. ती काही मागते का, यावर शेवटपर्यंत नजर ठेवून होते. निघताना तिने उलट सुक्या बोंबलांची जुडी दिली.

परतताना होडीत आईला ताटाचं विचारलं. ती म्हणाली, प्रेमाच्या भगताने सांगितलं म्हणून वाढते. ते येतील असं तो आणि प्रेमा म्हणतात, मग ते गेले असं मी बायकोने कसं म्हणायचं? फिलूकडे तसं म्हणता येतं, आणि म्हटलं तरी ते संपत नाहीत.

मावशी, तुझा निरोप मी तिला दिला नाही.

मग आईनेच काकांना होकार दिला आणि शनिवारी त्यांनी दर्भाच्या पुतळ्याला अग्नी दिला. फिलू आली होती, हातात जपमाळ घेऊन लांब बसली. काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण आईने तिला उठू दिलं नाही. नंतर बायका बांगड्या फोडायला पुढे झाल्या, तेव्हा आई त्यांना बाजूला सारून किनाऱ्यावर गेली. उजव्या हातातल्या तिने आपल्या रीतीप्रमाणे लग्नातच दर्याला दिल्या होत्या, नवरा सांभाळ म्हणून. डाव्या हातातल्या तिने स्वतःच उतरवून पाण्यात सोडल्या. त्या वेळी मागणं होतं, आज काही मागितलं नाही, एवढंच मला म्हणाली.

आता घरात दोनच ताटं लागतात. तू ये, तिसरं तुझं. राग आला असेल तर तोही घेऊन ये, पण माया घरी विसरू नकोस.

तुझी,
जया