गालावरची लाली

सोलापूर, माघ वद्य पंचमी, शके १८५३

शेजारच्या गंगव्वांवर आज उगाच ओरडलो. मनातून जात नाही. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी आपली गेरूची भिंत चुन्याने पांढरी केली, एवढाच त्यांचा गुन्हा. महिनाभर मी आमच्या हिला तिच्यासमोरच्या खिडकीशी बसवून चित्र काढतोय. त्या भिंतीवरचं दुपारचं ऊन हिच्या गालावर अशी लाली आणायचं, की काय सांगू!

"माझं चित्र बुडवलंत!" म्हणालो.

"अवो काका, लगीन माज्या लेकीचं, भिंत माजी, अन् रंग तुमाला इचारून लावू व्हय?"

हिनेच मला आत ओढलं. "शोभतं का या वयात? बसते मी, काढा."

बसली. पांढऱ्या भिंतीचा उजेड तोंडावर आला आणि माझा कुंचला थांबला. गाल पिठासारखे. ओठसुद्धा फिके.

"कधीपासून बरं नाही गं?"

"दिवाळीपासून धाप लागते. तुम्ही रंगात होता, म्हटलं कशाला मोडता घाला. शिवाय तेवढंच बसायला मिळायचं."

बसायला मिळायचं! रोज दोन तास मी हिच्याकडेच बघत होतो ना? मग काय बघितलं? काखेत कळसा, दुसरं काय. लाली भिंतीची आहे हे ठाऊक होतं. तिच्याखाली काय आहे, ते बघितलंच नाही.

उद्या सकाळी टांगा सांगून हिला डॉक्टरकडे नेतो. गंगव्वांचे पाय धरायचे ते आल्यावर.

आज ही दिवेलागणीलाच आडवी झाली. मघाशी कंदील घेऊन पाहून आलो. गाल पुन्हा लाल दिसले. आता त्या रंगावर माझा विश्वास नाही.